साठ हजारांची पुडी

आमच्या लोह्यात पाणी कमी, बस कमी, डॉक्टर कमी. पण ऊन मात्र मुबलक. मार्च उजाडला की नांदेड-लातूर रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागतं. दुपारी बाजारात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा गावात उन्हापासून फुकट मिळणारं जीवनसत्त्व बायकांच्या रक्तात सापडू नये, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते. पण आमच्या मोहल्ल्यात कुठल्याही घरी जा, चहाबरोबर पहिला विषय कमरेचा निघतो. कुणाच्या टाचा दुखतात, कुणाला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, कुणाला पाण्याची घागर उचलवत नाही. त्याचं कारणही ठरलेलं असतं. बाळंतपण, वय, नाहीतर नशीब. ‘औरत जात है, दुखताच है,’ एवढं म्हटलं की विषय संपतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास उभं राहण्यात जातात. पस्तिशीच्या आत शाळेचा जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायची वेळ आली, तेव्हा नांदेडला जाऊन रक्त तपासलं. अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वासमोर ९ असा आकडा होता. एक मिलिलिटर रक्तात इतके नॅनोग्रॅम, असा त्याचा अर्थ. वीसच्या खाली कमतरता समजतात. काही डॉक्टर तीसची अपेक्षा धरतात. डॉक्टरांनी साठ हजार युनिटच्या आठ पुड्या लिहून दिल्या. दर आठवड्याला एक, दुधातून. घरी येऊन पाहते तर आमच्या खानदानात या एकाच दुखण्याचे तीन उपचार चालू होते. माझी आठवड्याची पुडी. पुण्यातल्या धाकट्या बहिणीला तिच्या डॉक्टरांनी दिलेली रोजची दोन हजार युनिटची लहान गोळी. आणि सासूबाईंना कमरेत टोचलेलं सहा लाख युनिटचं इंजेक्शन! दुखणं एक, जीवनसत्त्व एक. मग माप इतकं वेगळं कसं?

मी गणिताचेही तास घेते, म्हणून आधी हिशेब मांडला. या जीवनसत्त्वाची चाळीस युनिटं म्हणजे एक मायक्रोग्रॅम. म्हणजे साठ हजारांच्या पुडीत खरं औषध फक्त दीड मिलिग्रॅम. बाकी साखर आणि भुकटी. आकडा ऐकून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि ‘एवढीशी तर पुडी’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली सहाशे युनिट धरली आहे. एका पुडीत शंभर दिवसांची गरज बसते, इंजेक्शनात हजार दिवसांची. माझ्या आठ पुड्या मिळून चार लाख ऐंशी हजार युनिटं झाली, छप्पन दिवसांत. बहिणीला रोजच्या दोन हजारांनी तेवढ्याच बेरजेला पोहोचायला दोनशे चाळीस दिवस, म्हणजे आठ महिने लागणार. सासूबाईंनी त्याहून जास्त एका सकाळी घेतलं होतं.

बेरीज पाहून कुणीही म्हणेल, शेवटी पोटात सारखंच गेलं ना? हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे लगेच निघून जात नाही; मग रोज घ्या, जुम्म्याला घ्या नाहीतर वर्षातून एकदा घ्या. अनेक वर्षं बरेच डॉक्टर असंच समजत होते. त्याला आधारही होता. २००८ साली इस्रायलमध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या ४८ वृद्ध स्त्रियांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना रोज दीड हजार युनिटं, काहींना आठवड्यातून साडेदहा हजार, काहींना महिन्यातून पंचेचाळीस हजार. सरासरी सगळ्यांची एकच. दोन महिन्यांनी रक्तातला आकडाही तिन्ही गटांत जवळजवळ सारखाच वाढला. ज्याला जसं आठवणीत राहील तसं त्यानं घ्यावं, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

पण आमच्या उर्दूत एक जुनी कहावत आहे : हिसाब जूं का तूं, कुनबा डूबा क्यूं? एका मुनशीनं नदीची सरासरी खोली काढली, घरच्यांची सरासरी उंची काढली, आणि सगळ्यांना पाण्यात घातलं. हिशेब बरोबर होता, कुटुंब मात्र बुडालं. बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात सरासरी शिकताना ही कहावत आम्हाला कुणी सांगितली नाही. आता मी ती दरवर्षी वर्गात सांगते. औषधाच्या बाबतीत ती किती खरी आहे, ते ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या प्रयोगानं दाखवलं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीनं तो मला समजावून दिला. सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांचा डोस दिला, निम्म्यांना औषध नसलेल्या तशाच गोळ्या. दिवसाची सरासरी काढली तर ती चौदाशे युनिटांच्याही आत येते, अगदी निरुपद्रवी. हाडं मजबूत होतील, पडणं-मोडणं कमी होईल, अशी अपेक्षा होती. २०१० साली निकाल आला तो उलटा. औषध घेतलेल्या बायका जास्त पडल्या, त्यांची हाडं जास्त मोडली. आणि पडण्याचं प्रमाण डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत विशेष होतं.

मग स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पडलेली, सत्तरीपुढची दोनशे माणसं. एका गटाला महिन्याला चोवीस हजार युनिटं, दुसऱ्याला साठ हजार. तिसऱ्याला चोवीस हजारांसोबत याच जीवनसत्त्वाचं आणखी एक तीव्र रूप. वर्षभरात चोवीस हजारवाल्यांपैकी शंभरात ४८ जण पडले. साठ हजारवाल्यांत ६७. रक्तातला आकडा चांगला वाढलेला, पाय मात्र सुधारले नाहीत. महिन्याला साठ हजार! पहिला कोर्स संपल्यावर आपल्याकडे पुढं चालू ठेवायला सर्रास लिहून दिला जाणारा डोस हाच.

असं का व्हावं? शास्त्रज्ञ एक शक्यता सांगतात. रक्तात या जीवनसत्त्वाचा एकदम पूर आला की ते मोडून टाकणारी शरीराची यंत्रणा जोरात कामाला लागते. थेंबथेंब पाणी जमीन पिते. एकदम सोडलेलं पाणी मातीच वाहून नेतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती माणसं म्हातारी होती, थंड मुलखातली होती. तिथला निकाल जसाच्या तसा लोह्यातल्या तिशीतल्या, नऊवर आलेल्या बाईला लावता येत नाही. हाडं खरोखर मऊ पडली असतील, स्नायूंतला जोर गेला असेल, तर तूट लवकर भरून काढावी लागते. त्यासाठी आठवड्याच्या पुड्या किंवा रोजचा मोठा डोस हे दोन्ही मार्ग आहेत. अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ साली कमतरतेच्या रुग्णाला आठवड्याला पन्नास हजार किंवा रोज सहा हजार, आठ आठवडे, असंच सांगितलं होतं आणि त्यानंतर रोज दीड ते दोन हजार. त्याच संघटनेनं २०२४ साली निरोगी लोकांविषयी वेगळी सूचना दिली : उगीच सरसकट तपासण्या करू नका, आणि पन्नाशीपुढच्यांना द्यायचंच असेल तर लांब लांब अंतरानं मोठा डोस देण्यापेक्षा रोजचा लहान बरा.

म्हणजे माझ्या आठ जुम्म्यांच्या पुड्या वाया नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या पुडीनंतर जिना सोपा झाला. पण खरा प्रश्न नवव्या जुम्म्याचा आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टर रविंदर गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली नेमकी आपलीच पद्धत तपासली. कमतरता असलेल्या भारतीय लोकांना साठ हजारांची पुडी आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. आठ आठवड्यांनी आकडे छान वर आले. वर्षानं पाहिलं तर सगळं पुन्हा होतं तिथं! पुडी थांबली, ऊन मिळालं नाही, गळका रांजण पुन्हा रिकामा झाला. आमच्या मोहल्ल्यात हेच चालतं. दोन वर्षांनी कंबर दुखते, पुन्हा तपासणी, पुन्हा आठ पुड्या. हजार-बाराशेची तपासणी दरवेळी करण्यापेक्षा रांजणाचं भोक शोधलं पाहिजे, असं कुणी म्हणत नाही.

हे भोक आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पाहून ठेवलेलं आहे. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिकमध्ये मुलांचा मुडदूस आणि बायकांची हाडं मऊ पडण्याचा रोग, दोन्ही तपासले. गरीब, शेतात-रानात राबणाऱ्या, अर्धपोटी घरांत हे रोग जवळपास नव्हतेच. ते सापडले पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत. मुसलमानांत आणि वरच्या जातींच्या हिंदूंतही. अन्न चांगलं, दूध चांगलं, पण सूर्य घरात येत नव्हता. त्या काळात युरोपात हा रोग अन्नाचा की उजेडाचा यावर वाद चालू होता. नाशिकच्या बायकांनी आणि मुलांनी त्यात साक्ष दिली. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

हे वाचून दोन घाईचे निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिला, सगळा दोष बुरख्याचा. तसं असतं तर दिल्लीतल्या डॉक्टर आणि नर्सेसची कमतरता कशी समजावणार? त्याच एम्सच्या गटानं २००० साली निरोगी दिल्लीकरांचं रक्त तपासलं, तेव्हा दवाखान्यात दिवस काढणाऱ्या डॉक्टर-नर्सेसचे आकडे खालीच निघाले. मैदानात राबणाऱ्या सैनिकांचे त्यामानानं बरे. कार्यालयात बसणारा, काचेच्या गाडीतून फिरणारा, शिकवणीतून शिकवणीला जाणारा मुलगा, सगळेच या यादीत आहेत. दुसरा निष्कर्ष आमच्या लोकांचा : पूर्वी पडदा होता तरी बायका ठणठणीत होत्या, आता खतांच्या अन्नानं वाट लावली. नाशिकचा अभ्यास हे म्हणायची सोय ठेवत नाही. तेव्हाही दुखत होतं, मोजणारं कुणी नव्हतं एवढंच.

पण एक फरक मात्र खरा आहे. माझ्या नानीच्या घराला चारी बाजूंनी भिंती होत्या आणि मधे उघडं आंगण होतं. वाळवणं, पापड, गोधड्या, केस वाळवणं, सगळं तिथं, उघड्या डोक्यानं, आभाळाखाली. पडद्याला धक्का न लावता ऊन घरात येत होतं. आता आम्ही कर्ज काढून स्लॅबची घरं बांधली. जागा महाग, म्हणून आंगणावरच खोली चढवली. गच्ची आहे, पण शेजारची गच्ची आणखी उंच आहे. बुरखा होता तोच आहे; आंगण गेलं. नवीन घराचा नकाशा काढताना मेहमानखान्याची लांबी-रुंदी पुरुष मंडळी तासभर बोलतात. बाईच्या वाटचं ऊन कुठून येणार, हे एकदा तरी विचारावं.

उन्हाबद्दलही गैरसमज फार. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला सगळे देतात. पण ज्या किरणांनी कातडीत हे जीवनसत्त्व तयार होतं, ते सूर्य तिरपा असताना जमिनीपर्यंत फारसे पोहोचतच नाहीत. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हाचा उपयोग. खिडकीची काच ते किरण अडवते, म्हणून काचेआड बसून अंग शेकेल, हाडं नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. मे महिन्यात मराठवाड्यात बारा वाजता कुणाला बसा म्हणणं हा जुलूमच. पण हिवाळ्यात अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसणं कुणाच्या धर्माच्या आड येत नाही, भिंतीची आडोशाची जागा तेवढी हवी.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांचा इंजेक्शनावर भारी विश्वास. ‘मेरे कू सुई लगा देव, एक बार में काम खतम,’ असं त्यांचं म्हणणं. रोजची गोळी म्हणजे रोजचं आजारपण, सुई म्हणजे इलाज. दुसऱ्या सुईनंतर महिन्याभरात त्या न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं. सुईमुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही. ओली फरशी होती, डोळ्याला मोतीबिंदू होता. एका माणसावरून असा निष्कर्ष निघत नाही. पण वरचे दोन अभ्यास मला माहीत होते. तिसऱ्या सुईची तारीख जवळ आली तेव्हा घरात वाद झाला. मोठे दीर म्हणाले, ‘मास्तरीन डाक्टर कब से हुई?’ मी उत्तर दिलं नाही. पण डॉक्टरसाहेबांना भेटून तीन प्रश्न विचारले. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं का? किडनीचं काम पाहिलं का? आणि पहिल्या दोन सुयांनी आकडा किती झाला, ते पाहिल्याशिवाय तिसरी कशासाठी? ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, असं विचारणारे लोक फार थोडे येतात. तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं, आकडा पुरेसा होता. सुई बंद झाली आणि रोजची लहान गोळी सुरू झाली. न्हाणीघरात खडबडीत फरशी बसवली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सासूबाईंना आजही वाटतं की सुनेनं पैशासाठी सुई बंद केली. वाटू दे. त्या चालत्या आहेत.

ते प्रश्न सुचायला कारण होतं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठता, गुंगी आणि पुढं किडनीला इजा. मोठ्या इंजेक्शनांचा मारा झालेल्या रुग्णांत असं घडल्याच्या नोंदी काश्मीरमधून २०११ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. जिथं कमतरता घराघरात, तिथंच विषबाधाही. शिवाय इंजेक्शनातलं औषध स्नायूतून हळूहळू आणि कमीजास्त वेगानं रक्तात उतरतं. दुधातून घेतलेली पुडी त्यामानानं भरवशाची. ज्याचं आतडं औषध शोषून घेत नाही, त्याच्यासाठी सुई हा मार्ग आहे, सगळ्यांसाठी नाही.

आमच्या बायकांचे आणखी दोन प्रश्न असतात. रमजानचं काय? यात अडचण काहीच नाही. गोळी असो की पुडी, इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घ्यावी. जेवणात थोडं तेल-तूप असलं की ते चांगलं शोषलं जातं. आणि कॅप्सूलचं कवच कशाचं? ते बहुधा जिलेटिनचं असतं. ज्यांना शंका आहे त्यांनी पुडी किंवा साधी गोळी मागून घ्यावी. पण शंकेपोटी उपचार सोडू नये. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते : विटा आल्या आणि गवंडीच आला नाही तर भिंत होत नाही, तसंच गवंडी आला आणि विटा नसल्या तरीही होत नाही. हे जीवनसत्त्व गवंडी आहे, कॅल्शियम विटा. पुण्यात गरीब घरांतल्या लहान मुलांना कॅल्शियम घातलेले लाडू देऊन डॉक्टर खाडिलकर दांपत्याच्या गटानं अभ्यास केला आहे. आपल्याकडे दूध, दही, तीळ आहेच. दूध मात्र घरात आधी पुरुषांच्या चहात जातं, मग मुलांना, आणि उरलंच तर बाईला.

मोहल्ल्यातल्या खाला, भाभी आता डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. चिठ्ठी इंग्रजीत असते, आणि ‘आठवड्यातून एक’ हे शब्द औषधाच्या दुकानातल्या गर्दीत हरवतात. एक खाला तीन दिवसांत तीन पुड्या घेऊन आल्या होत्या. ताकदीची पावडर म्हणून रोज घेत होत्या. तेव्हापासून मी पाकिटावर उर्दूत ठळक लिहून देते : ‘हफ्ते में एक, सिर्फ जुमे को, आठ जुमे.’ खाली आठ चौकोन काढते. घेतली की एकावर फुली. नववा चौकोन मुद्दाम मोठा काढते आणि त्यात लिहिते : ‘डॉक्टर से पूछो, अब रोज कितना?’ एवढ्यानं माझ्याकडच्या बायकांच्या पुड्या चुकत नाहीत.

शाळेत सातवीच्या मुली आहेत. वर्षभरात त्यातल्या बऱ्याच जणी मैदानावर येणं सोडतील. कुणी घरच्यांच्या सांगण्यावरून, कुणी स्वतःहून. हाडं भरण्याचं वय नेमकं हेच. म्हणून मुलींचा खेळाचा तास शेवटच्या तासावरून काढून हिवाळ्यात साडेअकराला घ्यावा, आणि तो शाळेच्या मागच्या, भिंत असलेल्या पटांगणात घ्यावा, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला. पालकांची बैठक झाली. दोघा-तिघांनी कुरकुर केली. एका मुलीची दादी मात्र काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, ‘खेलने देव. हमारी कमर देखो और खेलने देव.’ अर्ज मंजूर झाला. पुडी, गोळी, सुई यांतलं कोणतं बरं, याचा हिशेब मी वर मांडलाच आहे. पण या मुलींवर तो हिशेब मांडायची वेळच येऊ नये, यासाठी साडेअकराचं ऊन पुरे आहे; आणि ते आमच्या लोह्यात कधीच संपत नाही.